आधी गाडीची खोट

बाबा, तुमची गाडी आज गेली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच. आईला काय सांगू, ती खूश आहे.

गाडी आली तेव्हा आपण स्टील प्लांटच्या, सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. लाइनीतले लोक संध्याकाळी विचारायला यायचे, कशी आहे हो, आम्हालाही अशीच लहान परवडेल. तुम्ही खुर्ची द्यायचात, चहा सांगायचात आणि आधी गाडीची खोट काढायचात. "डिक्की नावालेच हाय. एक बॅग टाकली का दुसरी मांडीवर घ्या लागते. मागं तिसरा माणूस बसवला का तो तुमचा दुश्मन होते. ट्रक बाजूनं गेला का हालते." समोरच्याचा चेहरा पार उतरून जायचा. मग तुम्ही बशीत चहा ओतत गुणांकडे वळायचात. पेट्रोल कमी पिते, गल्लीतल्या गल्लीत वळते, बिघडली तर कोणताही मिस्त्री हात लावतो, पार्ट कुठंही मिळतो. पोरगी दाखवणाऱ्या बापासारखा तुमचा चेहरा व्हायचा, आणि आई आतून हसायची.

पण गाडीत बसल्यावर तिच्याबद्दल एक शब्द वाईट बोललेला तुम्हाला चालत नसे. दसऱ्याला आपण दीक्षाभूमीला निघालोय, राजनांदगाव मागे पडलंय, जंगलातला चढ लागलाय. एसी लावला की गाडी दमते, म्हणून काचा खाली आणि धूळ तोंडात. मी म्हणते, काय खटारा घेतलाय बाबा. तुम्ही गाडी बाजूला लावता. रागावलेले दिसत नाही, पण आवाज बदललेला असतो. "जिच्यात बसली हायेस तिले तोंडावर नावं ठेवत नाही बेटा. बोलाचं असंल तर उतर, मंग बोल." मी खरंच उतरते, रस्त्याच्या कडेला उभी राहून दोन वाक्यं बोलते आणि परत बसते. तुम्हाला इतकं हसू येतं की गाडी सुरू करायला वेळ लागतो. तसं हसणं मी पुन्हा कुणाचं ऐकलं नाही.

आणि तुमचं ते सकाळचं वेड! कुठं जायचं नसलं तरी गाडी सुरू करून ठेवायची. जन्म ब्लास्ट फर्नेसवर गेला, एकदा पेटलेली भट्टी थंड पडू द्यायची नाही हे अंगात मुरलेलं. आई ओट्याशी पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "अवो, ते काय तुमची भट्टी होय? पेट्रोल जळून राहिलं ना!" तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. तुम्ही गेल्यावर मी तेच करत आले. आई मला मात्र कधी ओरडली नाही.

आता आईचे गुडघे गेलेत. तुमच्या गाडीची सीट खाली, तिला बसवेना. रविवारी विहारात जाणं बंद झालं, सिविक सेंटरच्या बाजारात जाणंही. म्हणायची, "मले घरीच राहू दे. त्या गाडीत बसनं म्हनजे विहिरीत उतरनं होय." हळूहळू बोलणंही कमी झालं तिचं. क्वार्टर सुटल्यावर घेतलेल्या रिसालीच्या या घरापुढे एकच गाडी मावते, नवी आली की तुमची विकणं आलं. तरी उंच सीटची नवी घेतली. आई त्यात टेकली आणि पाय आत घेऊन म्हणाली, "चाल, कुठं जाऊन राहिलो आपण?" किती दिवसांनी तिने असं विचारलं! त्यानंतर मला मागे फिरता येणार नव्हतं.

आज एक तरुण जोडपं जुनी गाडी पाहायला आलं. मी अंगणात उभी राहून खोट सांगायला लागले. डिक्की, एसी, चढ, ट्रक. गुणांची वेळ आली तेव्हा जीभ उचलेना. उलट क्लच जड आहे म्हणाले, पावसात छत गळतं म्हणाले. क्लच किती हलका आहे तुम्हाला ठाऊक आहे, आणि छतातून थेंब कधी आला नाही. मग ती पोरगी म्हणाली, "दीदी, जहाँ भी देखे, सब बोले एकदम मक्खन है. सच बोलने वाली आप अकेली मिलीं. हम यही लेंगे."

ती दोघं गाडी घेऊन गेल्यावर आई दारातून म्हणाली, "अगदी बापावर गेली हायेस."

हा कागद पोस्टात टाकायचा नाही, कुणी वाचणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी तुमच्यासारखी बोलत नव्हते बाबा. त्यांनी गाडी न घेता निघून जावं म्हणून बोलत होते.