शेजारणीच्या वहीतला ठिपका

४ जून, सोमवार
आजचा खर्च – वह्या सहा, नव्वद. खोडरबर दोन, दहा. निवासी शाळेच्या अर्जाची फी, दीडशे. लाकडी पट्टी मामंजींनी करून दिली, फुकट.
वर्गातून एकच नाव जातं आणि गणिताच्या बाई आमच्या खारूचं पाठवणार आहेत. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं त्या शाळेचं. आमच्या ऐपतीत अशी शाळा एरवी कुठली बसायला! देवापुढे जरा जास्तच वेळ बसले.

६ जून, बुधवार
खारू शाळेतून आली ती सरळ मामंजींच्या सुतारकामाच्या खोलीत. दप्तरात बाईंची चिठ्ठी – चाचणीत बाकावरच्या शेजारणीला नक्कल करायला मदत केली. तसा माफीनामा द्यावा, नाहीतर नाव पाठवता येणार नाही.
आमच्या घरात नक्कल?

७ जून, गुरुवार
हळूहळू उलगडलं. बाईंनी एकमेकींच्या वह्या तपासायला लावल्या होत्या. शेजारणीचं तिसरं गणित चुकलेलं. खारूने फुली मारलीच नाही. चुकलेल्या ओळीशेजारी बारीकसा ठिपका दिला आणि वही परत तिच्यापुढे सरकवली. शेजारणीने शोधलं, खोडलं, बरोबर केलं. मग हिने पूर्ण गुण दिले!
हे कुठून आलं ते मला वेगळं कुणी सांगायला नको. कारागिराचा सांधा वाकडा बसला तर मामंजी बोलत नाहीत. फळीवर खडूचा ठिपका देतात आणि पुढे जातात. ज्याचं काम त्यानेच चूक शोधायची, त्यानेच सुधारायची. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. खारू रांगत होती तेव्हापासून बघते आहे.
हे म्हणाले, लिहून टाका दोन ओळी, माफीने कुणाची बोटं झिजत नाहीत. वाटलं, मामंजी तरी अडवतील. तर तेच म्हणाले, "माझी रीत माझ्या खोलीत, सूनबाई. पोरीची शाळा त्या रीतीवर टांगू नका."
पण न केलेली नक्कल केली असं लिहायचं, आणि तेही चांगल्या शाळेसाठी? पटेना.

८ जून, शुक्रवार
एक करून बघितलं. मॅट्रिकनंतर गणिताला हात लावला नव्हता. खारूच्या पुस्तकातली अपूर्णांकांची पाच गणितं सोडवली, तिला तपासायला दिली. पोरीने उभ्या उभ्याच दोन ठिपके दिले – नजर आहे की काय! पहिली चूक लगेच सापडली. दुसरीवर मात्र कुकर गार झाला तरी बसून होते. सापडली तेव्हा एकटीच हसले. फुली दिसली असती तर वही मिटून भाजी चिरायला घेतली असती. म्हणजे ठिपक्यात काहीतरी आहे खरं.

९ जून, शनिवार
बाईंना भेटले. टेबलावर वह्यांचा डोंगर, चहावर साय धरलेली. चांगलं ऐकवायचं ठरवून गेले होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, एकीला ठिपका मिळाला. बाकीच्या मुलींना कुणी दिला?"
चाचणीत शेजारीण वर सरकली, तर जिला कुणी काही दाखवलं नाही ती मागे गेली. मामंजींच्या खोलीत जी फळी चुकेल तिला ठिपका मिळतो, मग ती कुणाची का असेना. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.
घरी येऊन खारूला सांगितलं. म्हणाली, मग सगळ्यांच्या वह्या माझ्याकडेच द्यायच्या होत्या. ह्यांना हसू आवरेना. जरा वेळाने तीच माझ्या पदराशी येऊन म्हणाली, "आई, मागे गेली ना, ती रडत होती."

१० जून, रविवार
माफीनामा तिचा तिनेच लिहिला. 'मी नक्कल करू दिली नाही. पण एकीलाच चूक दाखवली, बाकीच्यांना नाही. तो अन्याय झाला. त्यांची माफी मागते.' बाईंना हवं होतं ते वाक्य त्यात नाहीच. आता नाव जातं की राहतं, देव जाणे. मामंजींनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि रंधा मारायला गेले. रविवार असून!

११ जून, सोमवार
बाईंनी वाचलं, खणात ठेवलं. नाव पाठवते म्हणाल्या नाहीत, पाठवत नाही असंही नाही.

२ जुलै, सोमवार
निवासी शाळेचं पाकीट आलं. बाईंनी नाव पाठवलं होतं, सोबत तो माफीनामाही. खारूची निवड झाली! महिनाभर देवाकडे हेच मागत होते. ह्यांना हाक मारणार, तेवढ्यात खालची ओळ वाचली – 'पहिले वर्षभर मुलीस घरी पाठवले जात नाही. मान्य असल्यास उलट टपाली कळवावे.'