पंगतीतली पाहुणी

मांजर्ली, बदलापूर
१० डिसेंबर २०२४

चि. मैत्रेयीस,
सप्रेम जय भीम.

फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून पत्र. तुझ्या पुण्याच्या प्रयोगशाळेत रंगकाम निघालं म्हणून फळमाश्यांच्या दोन नळ्या माझ्या ओट्यावर ठेवून तू परत पळालीस. केळ्यावर चिलट बसलं तरी हाकलणारी मी, आता त्यांची दाई! वर जादा खाणं दिलंस एकाच नळीपुरतं. दुसऱ्या नळीत बुरशी धरली. तिच्यातल्या उरल्यासुरल्या माश्या मी कातर पंखवाल्यांच्या नळीत बसवल्या. आलेल्याला ताटाविना ठेवायची आपल्यात रीत नाही.

माया आहेच, पण जाबही हवा.
तुझी बनूमावशी

पुणे
१४ डिसेंबर

ती. बनूमावशीस,
सविनय जय भीम.

मावशी, काय केलंस गं! दोन वाण एक झाले. पंखाची कड घडवणारा निरोप पेशींना अपुरा पोचतो, म्हणून ते पंख कातरलेले. तो निरोप कशाने सुधारेल, हेच मला शोधायचंय. मार्चपर्यंत काही हाती लागलं नाही तर विषय बंद, असं सरांनी बजावलंय. दोन्ही वाण इथे थोडे आहेत; ती नळी फेकून दे.

रागाव हवं तर, पण जीव लाव.
तुझी मैत्रेयी

मांजर्ली
३० डिसेंबर

चि. मैत्रेयीस,
सप्रेम जय भीम.

नळी फेकली नाही. न बघता काही टाकायचं नाही, असं आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या. शेजारच्या जनाबाई विचारतात, आता माश्या पाळल्यात का. म्हटलं, नातवंडं आहेत, हात लावू नका.

आता ऐक. अरुंद डोळे आणि कातर पंख जोडीनेच उतरतात, हे तूच शिकवलंस ना? मग नव्या पिढीत अरुंद डोळेवालींचे पंख अख्खे कसे? भिंग पुसून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. अख्खेच! आहेस तशी निघ.

वाट पाहणारी,
बनूमावशी

पुणे
९ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
सविनय जय भीम.

तुझी नळी पाहून आले आणि इथे त्याच जोड्या पुन्हा लावल्या. तेच झालं! दुसऱ्या वाणात निरोप अडवणारं जनुक ढिलं आहे. अडसर कमी झाला आणि अपुरा निरोपही पुरला. सर खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी होते. विषय चालू राहणार, मावशी! जनुकाला नाव शोधणाऱ्याने द्यायचं असतं. मी तुझं सुचवलंय.

तुझीच,
मैत्रेयी

मांजर्ली
१५ फेब्रुवारी

चि. मैत्रेयीस,
सप्रेम जय भीम.

माशीला माझं नाव? खबरदार! 'पाहुणी' ठेव. पंगतीत बसवली म्हणून तर दुसरीचे पंख सावरले.

आणि ओटा फार रिकामा दिसतो. नव्या नळ्या घेऊन ये. खाणं मोजून आणू नकोस.

तुझी, रागावलेली नसलेली,
बनूमावशी