गाठींच्या जुन्या लाइनवरून

प्रिय तृप्ती,

फोनवर काही सांगायला गेलो की तू मध्येच गोळ्यांचं विचारतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून हे पत्र. गोळ्या वेळेवर घेतो.

आपल्या जिनिंगची लाइन तुला आठवत असेल. रुईच्या गाठी ट्रॉल्यांवर लादून जालन्याच्या यार्डात जायच्या, ती. जिनिंग बंद पडली, रूळ उचलून नेले, त्यालाही वीस वर्षं झाली. आता पंचायतीने त्या भरावावर मुरूम टाकलाय आणि रविवारी शहरातली माणसं पांढरे बूट घालून फिरायला येतात. मी मात्र रोज सकाळी जातो. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, त्यावर धुकं उतरलेलं. कापूस कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळतच नाही. जिनिंगच्या चिमणीत पोपटांनी घरं केलीत. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आम्ही जरा टेकतो, शेंगदाणे खातो आणि परत फिरतो. तुझी आई गेल्यापासून सहा वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

'आम्ही' हा शब्द तू पकडला असशीलच, लहानपणापासून पोलिसी नजर तुझी. बेबीनंदा बरोबर असते. मी जिनिंगमध्ये फिटर होतो तेव्हा ती कापूस निवडायला यायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. रुळांमधून चालायची आमची तेव्हाची रीत एकामागे एक अशी होती. पुढच्याने साप-किरडू बघायचं, मागच्याने ट्रॉलीचा आवाज ऐकायचा. आता बैलगाडी जाईल एवढी वाट आहे, तरी वर्षभर ती पुढे आणि मी मागे, असेच चालत आलो.

मागच्या मंगळवारी धुक्यात मागून खडखडाट आला. काही विचार न करता मी तिचा हात धरला आणि भरावावरून खाली कपाशीत ओढलं. वरून कुणाचा तरी रिकामा ट्रॅक्टर गेला. दोघं दवाने भिजलो आणि वेड्यासारखे हसत बसलो. मग तीच म्हणाली, "फिटर, गाडी तर कवाच निघून गेली. आता हात कशापायी धरून राह्यलात?" मी हात सोडला नाही. या वयात लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

संक्रांतीनंतर तिचा भाचा तिला कायमची त्याच्या गावी, धावड्याला न्यायला येणार आहे. तिने इथेच राहावं, माझ्या घरात, लग्न करून, असं मला वाटतं. तिला तसं विचारलं. ती म्हणाली, "गावाचं मला काई न्हाई. आधी तुमच्या लेकीला इचारा." म्हणून विचारतो आहे. तुझ्या मनाला पटलं नाही तर तसं स्पष्ट लिही, मी रागावणार नाही. तिला धावड्याच्या गाडीत मीच बसवून देईन. फक्त त्यानंतर त्या वाटेला जायला मला सांगू नकोस.

तुझाच,
अण्णा