झोळीतला वरवंटा

सोना,

मी गिरणीत पहिल्या पाळीला चाललोय. तू पोरीला घिऊन मंद्रूपहून बाराच्या यष्टीनं येशील. किल्ली शेजारी कमरबी चाचीकडं हाय.

नुसता पाटा बघून वरवंटा शोधत बसू नको, तो झोळीत हाय. मधल्या तुळईला कालच झोळी बांधली. रिकामी हलवू नये म्हणतात, म्हणून वरवंटा निजवून तासभर झोके दिले. तुळई कुरकुरलीसुदिक न्हाय. मग मीच लोंबकाळलो, तर चाची दारात उभी राहून लई हसली.

बाजारात दोनदा जाऊन आलो. रंगीत पाळणे हायत, स्प्रिंगचे पण हायत. मन घेईना. मागच्या बारीला तुला सातवा लागला तवाच, कुणाचं न ऐकता मी नवा पाळणा आणला हुता. तो रिकामाच माळ्यावर चढवावा लागला. तितंच ऱ्हाऊ दे. ही झोळी चाचीच्या जुन्या लुगड्याची हाय. तिची पाचही लेकरं हिच्यातच वाढली. मी मागावरचा माणूस हाय, कापड हातात घेतलं की कळतं. हे दगा देणार न्हाय.

पोरीला मांडीवरनं खाली ठेवणार न्हाय म्हणालीस, पण किती दिस अशी बसून ऱ्हाशील? भ्या वाटलं तर दोरी हातात धर, चाचीला बोलव, पण आज तिला झोळीत निजव.

साडेतीनला पाळी सुटती. मी दार उघडीन तवा वरवंटा पाट्यावर दिसू दे.

रामहरी