कीर्तनाच्या मॅटॅडोरचे छत नऊ इंचांनी उंच करण्याबाबत

दिनांक : २४ मार्च १९८६

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी,
परिवहन कार्यालय, अंधेरी.

विषय : गाडीची बॉडी बदलण्याच्या परवानगीस एक महिना मुदतवाढ मिळणे व छत नऊ इंच वाढवू देणे.

संदर्भ : आपले परवानगीपत्र, दि. ९ डिसेंबर १९८५ (मुदत ३१ मार्चपर्यंत).

अर्जदार : दत्ताराम बाबी घाडीगावकर, वेतोबा मोटार बॉडी वर्क्स, घाटकोपर (पश्चिम).

महोदय,

कीर्तनात बुवा मागे बसलेल्यांना "या, पुढे सरका" म्हणतात, तशीच नम्र विनंती की आपणही खुर्ची थोडी पुढे ओढून घ्यावी. खाली लिहिले आहे ते नुसते निवेदन नाही, छोटेखानी आख्यान आहे आणि त्यातला शब्दन्शब्द खरा आहे.

१. गोराईचे मच्छीमार श्री. हरेश्वर कोळी यांनी मासळी वाहून दमलेली आपली मॅटॅडोर अर्जदाराकडे दिली. बाजूचा पत्रा खाली सोडला की त्याचे व्यासपीठ व्हावे, आत बुवा, पेटी आणि तबला मावावा, अशी बॉडी त्यांना हवी होती. कारण त्यांच्या मातोश्री सोनूबाई, वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षांत या बाईने रामजन्माचे कीर्तन एकदाही चुकवलेले नाही. गेल्या गणपतीत पडून खुबा मोडला, तेव्हापासून खिडकीजवळची खाट सुटत नाही. सोनूबाई देवळात जाऊ शकत नाहीत, तर कीर्तनच खिडकीशी न्यावे, आणि पुढे उपनगरात जे जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्याही दारी न्यावे, असे ठरले. अर्जदार स्वतः कीर्तनवेडा असल्यामुळे त्याने हे काम देवाचेच म्हणून घेतले.

२. चूक पहिल्याच दिवशी झाली. कीर्तनकार अण्णाबुवा माप द्यायला कारखान्यात आले. समोर वेतोबाची तसबीर दिसताच त्यांनी वहाणा काढल्या, भक्तिभावाने पगडीही उतरवून ठेवली आणि हात जोडून उभे राहिले. अर्जदाराने त्याच अवस्थेत टेप लावला. बुवा कीर्तनाला पगडी घालतात आणि गजराला चिपळ्या उंचावून चवड्यांवर उसळतात, हे ज्याने शंभर वेळा डोळ्यांनी पाहिले त्यालाच त्या क्षणी सुचले नाही!

३. छत बसले. आवाज कसा घुमतो ते पाहावे म्हणून बुवांना गाडीत उभे केले. सीतास्वयंवर रंगले, रामाने धनुष्य उचलले, बुवा उसळले आणि पगडी धाडकन पत्र्यावर आदळली. तबलजी सहदेव यांना वाटले, बुवांनी सम दिली. त्यांनी ठेका दुप्पट केला. पगडी चेपली, आख्यान थांबले. पण रस्त्यावर जमलेली मंडळी हलेनात. समोरच्या चाळीतील श्रीमती नलिनी तर चटई पसरूनच बसल्या, "बुवा, धनुष्य हातात ठेवून कुठे निघालात? मोडा आधी." मग बुवा खाली उतरून रस्त्यावरच उभे राहिले. धनुष्य मोडायला पाच दिवस लागले. कीर्तन चालू असताना वेल्डिंगच्या ठिणग्या कशा उडवायच्या? मशीन बंद राहिले. सत्य लपवू नये : पहिल्या ओळीत अर्जदारच बसला होता.

४. उशिराचा दुसरा दोष अर्जदाराच्या जिभेचा आहे. गिऱ्हाइकाचा पडलेला चेहरा त्याच्याने पाहवत नाही, म्हणून "पुढच्या एकादशीला नक्की" असे त्याने हरेश्वर यांना चार वेळा सांगितले. घरी सौ. सुगंधा म्हणाल्या, "अहो, एकादशी पंधरवड्याला येते. तुमची गाडी कधी येणार?" हरेश्वर तर चिडून म्हणाले, "दत्ताराम, मला तारखा देऊ नको. म्हातारी रोज विचारते. काय ते तिच्या तोंडावर येऊन सांग."

५. म्हणून अर्जदार मचव्याने गोराईला गेला. मान खाली घालून खरे ते सांगितले : माप चुकले, छत उतरवावे लागेल, सरकारी मंजुरी लागेल, मिळाल्यावर बारा दिवसांचे काम आहे, आणि रामनवमी गाठेल याची हमी नाही. म्हातारी रडेल असे त्याला वाटले होते. ती खो-खो हसली. "पगडी चेपली? मेल्या, ते बघायला मला का नाही नेलंस? अरे, पाळणा तयार नाही म्हणून राम जन्मायचा राहतो काय? छप्पर नसलं तरी आण गाडी." अर्जदाराने सांगितले की आजी, बिनछपराची गाडी कायद्यात बसत नाही. त्यावर त्या हलकेच म्हणाल्या, "मग साहेबांना विचार. मी थांबते. मात्र पुढल्या वर्षाचं मला सांगता येत नाही, बाबा."

६. तेव्हापासून अर्जदाराने तारखा देणे सोडले आहे. कोणते काम झाले आणि कोणते राहिले, ते रोज संध्याकाळी फळ्यावर लिहिले जाते. हरेश्वर येतात, वाचतात आणि चहा पिऊन हसत जातात. पगडीसह व उसळीसह घेतलेले नवे माप आणि सुधारित नकाशा सोबत जोडला आहे. जादा उंचीमुळे गाडी डुगडुगणार नाही, याची तपासणी आपल्या निरीक्षकांनी अवश्य करावी. चाचणीसाठी अण्णाबुवा उसळून दाखवण्यास तयार आहेत.

रामनवमी १८ एप्रिलला आहे. मंजुरी ५ एप्रिलपर्यंत मिळाल्यास गाडी भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने वेळेत पोहोचेल. नियमात बसत नसेल तर तसे स्पष्ट कळवावे, अर्जदार तेही जाऊन सांगेल. परंतु निर्णय काहीही होवो, त्या दिवशी भर बाराला आपण हातातले पेन क्षणभर खाली ठेवावे, आणि गोराईत खिडकी उघडी ठेवून वाट पाहणाऱ्या सोनूबाईची आठवण करावी, एवढीच प्रार्थना.

आपल्या उत्तराकडे डोळे लावलेला,
दत्ताराम बाबी घाडीगावकर
(सही)