खांबाची किल्ली

मोहने,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियांकास,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी जो लोखंडी खांब आहे, तो वर्षातून एक दिवस निघतो. कुलपाची किल्ली जयंती समितीच्या सम्यककडे असते, हे काल त्यानेच सांगितलं. गल्लीची माती धरून ठेवणाऱ्या जुन्या भिंतीच्या जागी नवी बांधायची म्हणून तू मोजमापाला आलीस तेव्हा मीच छातीठोकपणे म्हणालो होतो, की इथे रिक्षा आणि मोटारसायकलीपलीकडे काही येत नाही.

खोटं बोललो नाही गं. पण चौदा एप्रिलला चित्ररथाचा ट्रक याच गल्लीत शिरतो आणि भिंतीवरच्या कठड्याला खेटून तासभर उभा राहतो. आमच्या डोक्यात तो ट्रक नसतोच, जयंती असते. तिथे उभा करायची पद्धतही मीच पाडली, खालच्या अंगणातून तुझ्या केशरबाई मावशीला आणि म्हाताऱ्यांना बाबासाहेबांची प्रतिमा दिसावी म्हणून. जनरेटर, स्पीकर धरून दहा-बारा टन तरी भरेल. कारखान्यात तीस वर्षं गवंड्यांचा मुकादम होतो, मला कळायला हवं होतं.

फोनवर तू ‘बघते बाबा’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून कागदावर लिहितोय. सोमवारी खोदाई सुरू व्हायची आहे. भिंतीखाली मावशीच्या बालवाडीत बावीस पोरं बसतात.

वेळेवर जेवत जा. बापाची चूक पोटात घाल.
तुझा,
बाबा

वागळे इस्टेट, ठाणे,
२१ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. चूक तुमच्या एकट्याची नाही. बारावीपर्यंत दरवर्षी मी त्याच ट्रकमागे नाचलेय. हिशेब करताना आठवला का? नाही.

गाडी कठड्याजवळ उभी राहिली की तिचं वजन नुसतं खाली जात नाही, भिंतीला बाहेरही ढकलतं. आम्ही ते वजन म्हणजे मागे चढवलेला मातीचा जास्तीचा थर, असं धरतो. रिक्षांसाठी मी अर्धा मीटर धरला होता. ट्रकसाठी एक मीटर वीस हवा. आज पुन्हा मांडलं. मातीचा दाब खाली वाढत जातो, गाडीचा मात्र वरपासून तळापर्यंत सारखाच लागतो. माझी तीन मीटरची भिंत उलटण्याच्या तपासणीत नापास झाली. पाया गल्लीच्या बाजूला चाळीस सेंटिमीटर वाढवावा लागेल, आणि तिथली पाण्याची लाइन आधी हलवावी लागेल.

निशिगंधा मॅडमना, म्हणजे माझ्या साहेबांना, सकाळीच सांगितलं. सही माझी होती, आयुष्यातली पहिली. त्या म्हणाल्या, की ट्रक बंद करायला सांग आणि ड्रॉइंग तसंच ठेव. मी म्हटलं, की खांब आहे, पण खांबाला किल्लीही आहे. त्यांनी ड्रॉइंग परत मागवलं.

सोमवारची खोदाई रद्द. वस्तीत तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल, त्याला इलाज नाही. यंदा ट्रक वर आणू नका, जुनी भिंत फुगली आहे. मुलांना विहारात बसवा.

रागवा, पण पत्र पाठवा.
तुमची,
प्रियांका

मोहने,
३ मार्च

चि. प्रियांकास,
सप्रेम जय भीम.

ऐकून घेतलं. मावशी म्हणाली, दोन वर्षं अर्ज केले ते भाचीने काम अडवावं म्हणून काय? मग तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यावर म्हणाली, की पोरगी बापासारखीच हट्टी आहे, पण बापापेक्षा नीट मोजते. दुसऱ्या दिवशी बालवाडी विहारात गेली.

सम्यक मात्र भांडला. एका तासाने काय होतंय काका, एवढंच त्याचं. मी म्हटलं, की फुगलेल्या भिंतीला घड्याळ दाखवून बघ. पद्धत मी पाडली, मीच मोडतो, असं सांगून किल्ली मागून घेतली. आता ती माझ्या उशाखाली आहे. ट्रक नाक्यावर थांबेल आणि प्रतिमा खांद्यावरून अंगणात उतरेल.

इकडची काळजी नको, आकड्यांची कर.
तुझा,
बाबा

ठाणे,
१२ मार्च

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

नवं ड्रॉइंग काल मंजूर झालं. निशिगंधा मॅडमनी प्रत्येक आकडा स्वतः तपासला आणि सही पुन्हा मलाच करायला लावली.

चौदा एप्रिलला मी नाक्यापासून प्रतिमेबरोबर चालत येईन. सोळाला खोदाई; जूनच्या आत भिंत उभी राहायला हवी. पुढच्या वर्षीच्या जयंतीला किल्ली सम्यकला परत द्या. ट्रक कठड्याला लागेल तेव्हा मी खाली मावशीच्या अंगणात, भिंतीला पाठ टेकून उभी असेन.

मावशीला सांगा, हट्टी भाचीवर माया असू दे.
तुमची,
प्रियांका