वीतभर लांब हत्यार

श्रीवर्धन बंदर, शनिवार, डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप रावजीमामांचे सेवेशी सदाचा साष्टांग नमस्कार (बसूनच घातला आहे, कंबर धरली आहे). तुमचा दमा आणि उरलेली नऊ बोटे खुशाल असोत. म्हसळ्याला आई बरी आहे. माझे मात्र डोके चालेनासे झाले आहे.

तुम्ही मुंबईच्या गिरणीत लेथवर जन्म काढलात, म्हणून विचारतो. जैनुद्दीनशेटच्या कारखान्यात लागून मला महिना झाला. त्यांच्या लाँचच्या इंजिनाचा दट्ट्या अॅल्युमिनियमचा (आपल्या जर्मनच्या पातेल्यांचा धातू) ओतून आणलाय, तो मला लेथवर गुळगुळीत कातायचा आहे. येत्या शुक्रवारी नमाज आटोपून शेट बघायला येतील. बरा निघाला तर नोकरी कायम, नाहीतर म्हसळ्याला नांगर आहेच. आणि मामा, मला ही नोकरी फार हवी आहे.

पण लेथवर फिरत्या धातूला कातायचे हत्यार टेकवले की ते थडथडू लागते. अख्खी शेड हादरते, शेजारी बोंबील वाळत घालणारी सगुणा मला शिव्या घालते (तिचेही बरोबर आहे), आणि धातूवर ओहोटीच्या वाळूसारख्या लाटा उठतात. सरावाचे सात तुकडे वाया गेले. यूनुस मिस्त्री म्हणाले धार काढ, काढली. वेग कमी कर म्हणाले, केला. घासलेट सोड म्हणाले, सोडले. तेव्हापासून विडी ओढणारे माझ्याजवळ बसत नाहीत. लाँच चालवणाऱ्या बाळाजी तांडेलाने लेथपुढे नारळ फोडायला लावला. थडथड तशीच. काल मिस्त्रींनी स्वतः हत्यार लेथच्या पकडीत आत सरकवले, बाहेर अंगठ्याएवढेच ठेवले, तर आवाज बंद. तुकड्यात मला माझे तोंड दिसले. घाबरलेले होते. मी हत्यार लगेच पुन्हा वीतभर बाहेर ओढले. मिस्त्री म्हणाले, "अरे बाबा, एवढं लांब काढलंस तर ते हलणारच. तुला झालंय तरी काय?" मला सांगता येईना. काय करावे ते उलट टपाली कळवावे.

तुमचा गोंधळलेला भाचा,
सदा

ता. क. सांगता येईना, कारण आईने मला हरिहरेश्वराच्या पायरीवर शपथ घातली आहे. "माझ्या भावाचं बोट त्या यंत्राने खाल्लं. तुझा हात फिरत्या कामापासून वीतभर लांब राहिला पाहिजे." हात लांब, म्हणून हत्यारही लांब. आता तिने तोंडाने 'सुटली' म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही, आणि ती ऐकते फक्त तुमचे. तुमचे पत्र तिला गुरुवारच्या आत मिळावे.

आणखी एक. तुमचे बोट लेथमध्ये नव्हे, फणस फोडताना कोयत्याने गेले, असे ठमामामी मला गणपतीत म्हणाली. आईला तुम्ही कळवता, की मी कळवू?